व्हीएमची इमेज आपोआप बनवताना या चुका टाळा

चवथीच्या सुट्टीआधी फोंड्यातल्या एका कॉलेजच्या लॅबसाठी मी पॅकर (इमेज आपोआप बनवणारं साधन) वापरून उबुंटू सर्व्हरची इमेज, म्हणजे व्हीएमच्या (आभासी संगणकाच्या) डिस्कची तयार प्रत, बनवली. एक व्हीएम चालू करून पाहिली, सगळं ठीक. सुट्टीनंतर त्याच इमेजवरून वीस व्हीएम उभ्या केल्या. पहिल्याच प्रॅक्टिकलला एक मुलगी म्हणाली, "सर, लॉगिन माझ्याच मशीनवर केलंय, मग ह्या फायली कोणाच्या?" पाहतो तर तिच्या आणि शेजारच्या व्हीएमचा आयपी एकच!

मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगवेगळे होते, त्यामुळे अर्धा दिवस मी स्विच आणि राउटरच तपासत राहिलो. दोष इमेजमध्ये होता. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागताना आपली ओळख मॅक पत्त्यावरून नाही, मशीन-आयडीवरून (सिस्टमच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून) सांगतो. मूळ व्हीएमचा आयडी इमेजमध्ये तसाच राहिला, की डीएचसीपीच्या लेखी सगळ्या प्रती म्हणजे एकच मशीन. म्हणून बिल्डच्या (इमेज बनवण्याच्या) अगदी शेवटच्या पायरीत इटीसी (/etc) फोल्डरमधली मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. फाइल रिकामी दिसली की सिस्टमडी (उबुंटू सुरू करणारा प्रोग्राम) पहिल्या बूटला नवा आयडी तयार करतो. मात्र डी-बसच्या (प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या सेवेच्या) फोल्डरमध्ये त्याच आयडीची वेगळी प्रत असेल तर तोच जुना आयडी पुन्हा उचलला जातो. हे फार जणांच्या नजरेतून सुटतं, तीही प्रत काढा.

एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट-की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्यासुद्धा काढायला हव्यात, नाहीतर सगळ्या व्हीएमची गुप्त चावी एकच. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी करणारा प्रोग्राम) असेल तर तो नव्या की बनवतो, पण त्याची जुनी नोंद आधी त्याच्याच क्लीन कमांडने पुसा. क्लाउड-इनिट नसेल तर की बनवण्याची सोय तुम्हालाच करावी लागेल, नाहीतर एसएसएच सुरूच होणार नाही.

पॅकर 'एसएसएचची वाट पाहतोय' म्हणत अडकला तर व्हीएमची स्क्रीन उघडून बघा. बहुतेक वेळा इन्स्टॉलर 'पुढे जाऊ का?' विचारून थांबलेला असतो, कारण बूटच्या ओळीत ऑटोइन्स्टॉल हा शब्द नसतो. स्क्रीनवर इन्स्टॉल नीट चाललेलं असेल, तर पॅकर एसएसएचसाठी मुळात 5 मिनिटंच थांबतो, ती मुदत वाढवा. आणि डेबियनची जुनी प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) उबुंटू 20.04 पासूनच्या सर्व्हर इन्स्टॉलरला चालत नाही.

आपल्याकडे पावसात वीज गेली की बिल्ड अर्ध्यावर राहतो. पुन्हा चालवल्यावर पॅकर 'आउटपुट फोल्डर आधीच आहे' म्हणून थांबतो. तो फोल्डर काढून बिल्ड पहिल्यापासून करा, अर्धवट इमेज कुणाला देऊ नका. बिल्ड पूर्ण झाल्यावरच ती लॅबच्या फोल्डरमध्ये हलवा.

मी आता एका व्हीएमवर भागवत नाही. दोन प्रती एकदम चालू करतो आणि दोन्हींचे मशीन-आयडी, आयपी आणि होस्ट-कीचे ठसे समोरासमोर ठेवून पाहतो. एकही जुळला तर ती इमेज लॅबमध्ये जात नाही.