विमान कंपनी चालवताना या चुका टाळा: खर्च, वाढ आणि पर्यावरण

किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. देशातले विमानप्रवासी मात्र या वर्षांत एकंदरीत वाढतच गेले. म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं म्हणून या कंपन्या बुडाल्या, असं म्हणता येत नाही. खर्च एका विभागाने बघायचा, विस्तार दुसऱ्याने आणि पर्यावरण तिसऱ्याने, अशी वाटणी झाली की पुढच्या चुका होतात.

बाजारातला वाटा विकत घेणं

जेटने २००७ मध्ये सुमारे १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा घेतली, किंगफिशरने त्याच सुमारास स्वस्त तिकिटांची डेक्कन. प्रवासी मिळाले, पण सोबत वेगळी विमानं, वेगळी पगाररचना आणि कर्जही आलं. उलट इंडिगोने २००५ मध्ये एकदम १०० एअरबस मागवल्या त्या एकाच कुळातल्या, त्यामुळे प्रशिक्षण आणि सुटे भाग स्वस्त पडले. बाजारातला वाटा वाढतोय आणि दर आसनामागचा खर्चही चढतोय, असं दिसलं की विस्तार तिथेच थांबवा. जेटच्या हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले, तेव्हा या चुकीची किंमत मुंबईतल्या कितीतरी घरांनी मोजली.

सगळा भरवसा एकाच इंजिनावर

ए३२०निओ हे विमान जुन्या ए३२०पेक्षा १५ टक्के किंवा त्याहून जास्त इंधन वाचवतं. खर्च आणि प्रदूषण दोन्ही कमी, म्हणून ही खरेदी योग्यच. पण गो फर्स्टच्या सगळ्या निओंना प्रॅट अँड व्हिटनीचीच इंजिनं होती. ती वेळेवर दुरुस्त होऊन येईनात, आणि अर्धा ताफा जमिनीवर बसला. इंडिगोचीही ७०हून अधिक विमानं एका टप्प्यावर उभी होती, पण तिने २०१९ मध्येच दुसऱ्या कंपनीची इंजिनं मागवली होती आणि हाताशी रोख पैसा होता. अशा अडचणीत जुनी विमानं भाड्याने घ्यावी लागतात. ती इंधन जास्त पितात, म्हणजे वाचवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. राखीव इंजिनं आणि दुरुस्तीच्या मुदती खरेदीच्या करारातच लिहून घ्या.

स्वस्त इंधन वाहून नेणं

ही चूक प्रवाशाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. कमी कराच्या विमानतळावर टाक्या गरजेपेक्षा जास्त भरायच्या आणि महाग विमानतळावर कमी घ्यायचं, याला टँकरिंग म्हणतात. कागदावर पैसे वाचतात. पण वाढीव वजन उचलायलाही इंधन लागतं: ढोबळमानाने एक टन जादा इंधन तासभर वाहिलं की त्यातलं तीसेक किलो जळून जातं, आणि प्रत्येक किलोमागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युरोपीय संघाने यावर नियम केला आहे: तिथल्या विमानतळांवरून निघणाऱ्या विमानांनी वर्षभराच्या गरजेच्या किमान ९० टक्के इंधन तिथेच भरायचं. आपल्याकडे कंपन्यांनी टँकरिंगच्या हिशेबात कार्बनची किंमतही धरावी, आणि राज्यांनी करातली तफावत कमी करावी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५वरून १८ टक्क्यांवर आणला. माझ्या मते पर्यावरणासाठीही ते चांगलं पाऊल होतं.

माणसांत काटकसर

डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झालेले असताना इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली. आठवड्याची सलग विश्रांती ३६वरून ४८ तासांवर जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. राखीव वैमानिकांवरचा खर्च वायफळ समजू नका.

हिरव्या जाहिराती

मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीचे पर्यावरणविषयक दावे दिशाभूल करणारे ठरवले. झाडं लावण्याच्या मोबदल्यात प्रवास स्वच्छ होतो, असं प्रवाशाला सांगू नका. किती इंधन जाळलं, तो आकडा द्या.

खरा खर्च शाश्वत इंधनाचा, म्हणजे मळी, वापरलेलं तेल अशा गोष्टींपासून केलेल्या विमानाच्या इंधनाचा आहे. ते नेहमीच्या इंधनाच्या कितीतरी पट महाग पडतं. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. मे २०२३ मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन मिसळून एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलंही. पुरवठ्याचे करार आताच करा आणि तिकिटाच्या दरात ही रक्कम उघडपणे दाखवा. करार करताना कच्चा माल कुठून येणार, हेही विचारा. मळी किंवा वापरलेलं तेल असेल तर उत्तम. त्यासाठी मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात नव्याने ऊस लावला जाणार असेल, तर त्या उसाला लागणारं पाणी हिशेबात धरल्याशिवाय सही करू नका.