कारखान्यातलं ट्रेनिंग ऑनलाइन करताय? आधी कॅमेरा बंद ठेवा

बेळगावात उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या बाजूला "आता ट्रेनिंग ऑनलाइन करा" असा हुकूम निघाला की पहिलं काय होतं, तर हॉलमध्ये मागं ट्रायपॉड लावून दोन तासांचं लेक्चर शूट करतात आणि तेच ग्रुपवर टाकतात. कोण बघणार हो ते? पोरं लिंक उघडतात, मोबाइल खिशात ठेवतात, अटेंडन्स लागते, झालं.

आधी विषयांची वाटणी करा. व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापं घ्यायची साधनं, ड्रॉइंग वाचणं, फाइव्ह एस म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत, हे मोबाइलवर जातं. फर्नेसजवळचं काम, लॅडल म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं धरणं, आग विझवायचं सिलेंडर चालवणं हे शॉपवरच शिकवायचं, त्यात वाद नको.

सॉफ्टवेअरवर महिनाभर मीटिंगा घेऊ नका. माणसं कमी असतील तर गूगल फॉर्म बास, जास्त असतील तर मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि अ‍ॅपमध्ये धडा डाउनलोड करून ठेवता येतो, खानापूरच्या जंगलाकडनं येणाऱ्यांना तेच कामाला येतं.

आता खरी गोची, इथंच मी सगळ्यात जास्त अडकलो होतो. वर्गात आपण काय करतो? समोरच्याचं तोंड बघून बोलतो. यळ्ळूरचा पोरगा मान डोलवतो, गोकाकचा गप्प बसला की आपण आपसूक कन्नडवर जातो, परत मराठीवर येतो, आणि हे आपल्या ध्यानातही नसतं. व्हिडिओला समोरचं तोंड दिसत नाही. म्हणून अर्धं मराठी अर्धं कन्नड असा एकच व्हिडिओ करू नका, दोघांचंही अर्धं डोक्यावरनं जातं. चित्र एकच ठेवा, आवाज दोनदा रेकॉर्ड करा, आणि कन्नड आवाज कन्नड घरच्याच सुपरवायजरचा घ्या, आमच्यासारख्यांचं मोडकंतोडकं नको. खाली सबटायटल टाकून भागवू असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, नजर व्हर्नियरच्या रेघेवर असताना खालची ओळ कोण वाचणार!

दुसरं म्हणजे तुकडे. "पाच-पाच मिनिटांचे करा" असं सगळे सांगतात, पण कुठं कापायचं ते कोण सांगत नाही. घड्याळ बघून कापायचं नाही, वर्गात पोरं जिथं चुकतात तिथं कापायचं. व्हर्नियरचंच बघा. मेन स्केल 24 मिमी, खालच्या सरकत्या पट्टीची 17वी रेघ वरच्या रेघेशी जुळली, लीस्ट काउंट म्हणजे सगळ्यात लहान मोजता येणारं माप 0.02, म्हणजे रीडिंग 24 अधिक 17 गुणिले 0.02, 24.34. नवा माणूस 24.17 सांगणारच, रेघेचा नंबर तसाच जोडतो. मग व्हिडिओ तिथंच थांबवा, प्रश्न विचारा आणि 24.17 हा पर्याय त्यात ठेवाच. तो दाबला की नुसतं "चूक" दाखवू नका, 17 ला 0.02 नं गुणायचं राहिलं असं त्याच्या भाषेत सांगा. झीरो एररचा तुकडा वेगळा. जबडे मिटल्यावर 0.04 जास्त दाखवत असेल तर तेवढं वजा, म्हणजे 24.30. हे दोन्ही एकाच व्हिडिओत कोंबलं की हमखास घोळ होतो. चुकीचे पर्याय मनानं बनवू नका, इन्स्पेक्शनवाल्याला विचारा, तो रोज बघतोय की.

आणि व्हॉट्सअपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक रेघा पुसट होतात, मग सगळी मेहनत पाण्यात.

बघायला वेळ शिफ्टमध्येच द्या. "घरी जाऊन बघा" हे चालत नाही, शेतीही बघायची असते लोकांना.

शेवटी मशीनवर खरा जॉब हातात देऊन रीडिंग घ्यायला लावा, फॉर्ममध्ये दहापैकी दहा घेतलेला तिथं चाचपडतो. माणूस तयार झाला अशी सही त्यानंतरच. आयएसओ 9001 या क्वालिटीच्या स्टँडर्डच्या 7.2 कलमात ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासा आणि माणूस त्या कामात तयार असल्याचा पुरावा ठेवा असं आहे, त्यामुळं ऑडिटरपुढं फॉर्मच्या मार्कांबरोबर हा सहीचा कागदही ठेवा, नुसत्या अटेंडन्सवर भागत नाही.