कोणी अचानक कोसळल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे

घरात, लग्नाच्या मांडवात किंवा एसटी स्थानकावर कोणी कोसळले की आपल्याकडे आधी पाण्याचा तांब्या, कांदा आणि चप्पल यांचीच शोधाशोध होते. हृदयक्रिया बंद पडताना कधीकधी शरीराला क्षणभर झटके येतात आणि बघणाऱ्यांना ती फीट वाटते. पण मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यावर साधारण ४ ते ६ मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते, एवढाच अवधी आपल्या हाती असतो.

म्हणून प्रथम खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर छातीची हालचाल पाहावी, त्यासाठी १० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये. सर्वांत घातक चूक येथेच होते. तोंडाची उघडझाप, मधूनच घरघर किंवा आचका दिसला की ‘श्वास चालू आहे’ म्हणून लोक हात आखडता घेतात. आचके म्हणजे श्वास नव्हे. नाडी शोधण्यातही वेळ दवडू नये.

श्वास नसेल किंवा नुसते आचके दिसत असतील, तर जमलेल्यांपैकी एकाला नेमून १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगावे. एकटे असल्यास फोन स्पीकरवर ठेवून छातीवर दाब द्यायला लागावे. रुग्ण पलंगावर असेल तर त्याला जमिनीवर घ्यावे, कारण गादीवर दिलेला दाब गादीतच जिरतो. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटालगतचा भाग टेकवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपरे ताठ ठेवावीत आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली दाबावी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण हृदय तेव्हाच पुन्हा रक्ताने भरते. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. मोडलेली बरगडी जुळते. रुग्ण स्त्री असेल तर संकोचापायी मागे राहणे मला अक्षम्य वाटते.

प्रौढ व्यक्ती अचानक कोसळली असेल आणि कृत्रिम श्वास देण्याचा सराव नसेल, तर केवळ दाब देत राहावे. बुडालेल्या व्यक्तीला आणि लहान मुलांना मात्र कृत्रिम श्वासही द्यावा लागतो. तो देता येत असल्यास ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. मुलाच्या छातीवरचा दाब तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश खोल असावा.

दाब देणारा लवकर थकतो, म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलावा. विमानतळासारख्या ठिकाणी विजेचा झटका देणारे एईडी यंत्र मिळाल्यास ते लगेच सुरू करून त्याच्या सूचना पाळाव्यात आणि झटक्याच्या वेळी रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये. तोवर एकाने फाटकापाशी उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी, दुसऱ्याने लिफ्ट खाली रोखून धरावी. दाब देणाऱ्याने मात्र रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत किंवा पथक ताबा घेईपर्यंत हात थांबवू नयेत.