गोव्यातले ढग टिपायचे तर समुद्राकडे पाठ करा

गोव्यात संध्याकाळ झाली की सगळे कॅमेरे समुद्राकडे वळतात. ढगांचा फोटो हवा असेल तर मात्र बऱ्याचदा पूर्वेकडे बघावे लागते. गणेश चवथीनंतर पाऊस ओसरू लागतो, दुपारच्या उष्म्याने सह्याद्रीच्या बाजूला पुंजमेघ (कापसाच्या ढिगासारखे ढग) उभे वाढत जातात आणि मावळतीचे तिरपे ऊन थेट त्यांच्या अंगावर पडते. सूर्य पाठीशी असला की ढगाची प्रत्येक घडी, कडा, सावली उठून दिसते. सूर्याकडे तोंड करून टिपलेला तोच ढग काळा ठोकळा होतो. संध्याकाळचे इंद्रधनुष्यही पूर्वेलाच उमटते, तेही सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली आल्यावर.

म्हणून आधी ठरवायचे ते हे, की आजच्या आकाशाला चौकटीत किती जागा द्यायची. ढगांना आकार असेल तर दोन तृतीयांश आकाश, एक तृतीयांश जमीन. जुलैच्या भरपावसात आकाश एकसंध पांढरे असते. तेव्हा ते सरळ वगळा. चोर्ला घाटात त्या दिवसांत ढग दरीत उतरतात. ७० ते २०० मिमीची लेन्स लावून डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगाच टिपा.

मोकळे आकाश हवे तर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. खाजन शेतात (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) पाणी साचलेले असेल आणि वारा पडलेला असेल, तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. ढगाचे प्रतिबिंब पूर्ण मिळते. बांधावरची माती निसरडी असते, आणि पेरलेल्या शेतात पाय घालू नये हे सांगायला नकोच.

सर्वाधिक फोटो बिघडतात ते उजेडाच्या मापात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम राखाडी धरतो. चौकटीत गडद हिरवी झाडी जास्त असली की तो उजेड वाढवतो आणि ढग पांढरेफेक होतात. ढगातला उडालेला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. अंधारी जमीन बरीचशी उजळता येते. म्हणून:

१. फाइल रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ फाइल) ठेवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११. ट्रायपॉड नसेल तर आयएसओ वाढवा. २०० मिमीला शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू नको.

२. ढगाचा सर्वात उजळ भाग बघून एक फोटो काढा आणि हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) तपासा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्सपोजर ०.७ किंवा १ स्टॉपने खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

३. तरीही जमीन अगदीच काळी राहत असेल तर ट्रायपॉडवरून तीन फोटो घ्या: उणे २, शून्य, अधिक २. नंतर ते एकत्र करा. वाऱ्यात माड हलत असतील तर झावळ्या दुहेरी दिसतात; तिथे ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) बरा.

४. धुक्यात उलटे करा. मीटर धुके मळकट करतो, म्हणून एक्सपोजर अधिक ०.७ ते १ स्टॉप ठेवा.

मोबाइलवर ढगावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक झाले की बोट खाली सरकवून उजेड कमी करा. एवढ्यानेही फार फरक पडतो.

पोलरायझर (चमक कापणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर) पावसाळ्यात काढूनच ठेवायचा असतो, असा गैरसमज आहे. ढगाळ आकाशावर त्याचा परिणाम होत नाही हे खरे, पण ओल्या पानांवर होतो. अळूच्या पानासमोर उभे राहून रिंग सावकाश फिरवा: पांढरी चमक विरत जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो. खाजनात मात्र तीच रिंग प्रतिबिंब पुसून टाकते, तेव्हा परत फिरवा. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. निळ्या आकाशात सूर्यापासून ९० अंशांवर त्याचा जोर सर्वाधिक असतो, त्यामुळे फार रुंद लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद येतो.

ढगांची धाव दाखवायची असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा: १/३० सेकंदाचे दोन सेकंद होतात. दहा स्टॉपने सुमारे ३४ सेकंद. ढग झपाट्याने पळत असतील तर अर्ध्या मिनिटात त्यांचा आकारच जातो. माझे मत दोन ते आठ सेकंदांच्या बाजूने.

विजा चमकू लागल्या की सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर) थांबू नका. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ट्रायपॉड मिटवा, गाडीत बसा.

गाडीच्या एसीतून थंड लेन्स दमट हवेत काढली की काच धुरकटते. पोचण्याच्या वीस मिनिटे आधी एसी बंद करा; काच धुरकटलीच तर पुसत बसू नका, आपोआप निवळू द्या. पावसात प्लास्टिकची पिशवी लेन्सच्या हूडला रबरबँडने बांधा. घरी आल्यावर पिशवी काढून कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या बॅगेत राहिलेल्या लेन्सला इथल्या दमट हवेत बुरशी धरते. निळे जेल गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.