कात्री रात्री उचलू नका: फॅशन डिझाइनच्या ज्युरीआधीचे दिवस

ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर आपले कपडे मांडायचा दिवस, जवळ आली की विद्यार्थी मला विचारतात, "ताई, टेन्शन कमी कसं करू?" मी आधी त्यांचं कॅलेंडर मागते. बहुतेकांच्या कॅलेंडरवर एकच तारीख असते, सबमिशनची. तिथून मागे मागे येत हिशोब केलेलाच नसतो.

तेव्हा कागद घ्या आणि शेवटापासून उलटं लिहा. सबमिशनच्या आदल्या दिवशी फक्त इस्त्री, सुटे धागे कापणं आणि फोटो. मशीनला हात लावायचा नाही. त्याच्या आधी काज, बटणं, हूक, खालची पट्टी. घेर उरेब, म्हणजे तिरका, कापलेला असेल, तर पट्टी घालण्यापूर्वी कपडा निदान एक पूर्ण दिवस डमीवर लटकत ठेवा. ४५ अंशांत कापलेलं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. आधीच पट्टी घातलीत तर घेर वरखाली दिसतो आणि ती उसवावी लागते. सुती कापड बेतण्याआधी धुऊन वाळवायचं, त्याचा वेगळा दिवस धरा. मांजरपाटावरचा नमुना, फिटिंग, पॅटर्नमधली दुरुस्ती, पुन्हा फिटिंग हेही सगळं मांडा. मग लक्षात येतं की खरं कापड बेतायची तारीख वाटली होती त्याच्या कितीतरी आधी आहे. पोटात गोळा येईल. पण आज आला तर त्यावर काही करता येतं, आदल्या रात्री आला तर नाही.

दुसरी तारीख त्याच कागदावर लाल पेनाने लिहा: डिझाइन बंद. मांजरपाटाचं दुसरं फिटिंग झालं की त्यानंतर गळा, बाही, सिल्हूट (कपड्याचा बाह्य आकार) काहीही बदलायचं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त झोप याच तारखेच्या अभावी जाते. अर्धी शिलाई झाल्यावर नवीन कल्पना सुचतेच. ती स्केचबुकात उतरवा, पुढच्या कलेक्शनला उपयोगी पडेल. मार्गदर्शकांनीच बदल सुचवला तर वाद न घालता कागद समोर ठेवा आणि विचारा, "हे केलं तर यातलं काय सोडू?" असं विचारल्यावर बहुतेक वेळा मधला मार्ग निघतो.

आता रात्रीची जागरणं. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली चपळाई आणि अचूकता, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावलेली असते. प्रयोगांत हे मोजलेलं आहे. अशा हाताने कात्री धरायची? टीप चुकली तर उसवता येते, पण मुंढा जास्त खोल कापला गेला तर कापड परत येत नाही. म्हणून बेतणं, कापणं आणि फ्यूजिंग (इस्त्रीने अस्तरपट्टी चिकटवणं) सकाळी, झोप झाल्यावर. रात्री जागावंच लागलं तर फाइलमधल्या ओळी, स्वॉच (कापडाचे छोटे नमुने) चिकटवणं, बटणं टाचणं अशी कामं घ्या. कापताना शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेरचं जास्तीचं कापड, सढळ ठेवा, विशेषतः बाजूच्या शिवणीला. फिटिंगच्या दिवशी तेवढीच जागा हाताशी असते.

सुई नवीन घाला. बोथट सुईमुळे टाके सुटतात, पातळ कापडाचे धागे ओढले जातात आणि आपण तासभर मशीनचं टेन्शन (धाग्याचा ताण) फिरवत बसतो. बारीक कापडाला ७० नंबर, डेनिमला ९० किंवा १००, होजिअरीला बॉलपॉइंट. बॉबिन आदल्या दिवशीच भरून ठेवा.

वेळ खरोखरच पुरणार नाही असं दिसलं, तर ते लवकर सांगा. तीन अर्धवट कपड्यांपेक्षा आतून-बाहेरून नीट शिवलेला एक कपडा आणि बाकीच्यांचे स्पष्ट फ्लॅट स्केच (कपड्याची सपाट रेखाचित्रं), हे मला कधीही जास्त पटतं. पण तसं चालेल का, हे शिक्षकांशी आधी ठरवायचं. ज्युरीसमोर ते पहिल्यांदा सांगणं तुम्हालाच जड जातं.

ज्युरीत बोलणं ऐकताना कान बंद झाल्यासारखे होतात. मैत्रिणीला मागे बसवून सगळं लिहून घ्यायला सांगा आणि ते दुसऱ्या दिवशी वाचा. "बाही ओढली जाते" हे बाहीबद्दलचं वाक्य आहे. तुमची लायकी कुणी त्यात मोजलेली नाही.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. सबमिशन झाल्यावरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, छाती सतत धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच घडीला जवळच्या माणसाला उठवा, मध्यरात्र असली तरी. कपडा राहू द्या तसाच मशीनवर.