टेंपरेचरचा काटा खरं बोलतोय का?

चोर्ला घाटात काटा लालवर गेला तर गाडी थांबवाच. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट कमी असेल तर दोष सेन्सरचा, म्हणजे इंजिनचं तापमान मोजून काट्याला कळवणाऱ्या भागाचा, नाही.

पण सकाळी, थंड इंजिनवरच काटा वर पळत असेल तर? जुन्या गाडीत सेन्सरला बहुधा एकच वायर असते. ती काढून चावी ऑन करा. काटा खाली आला तर सेन्सर गेला. वरच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय.

काटा हलतच नसेल, तर वायरचं टोक बघा. बेळगाव-खानापूरच्या पावसात त्यावर हिरवट थर चढतो. पॉलिश पेपरने घासा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

दोन पिनांचा सेन्सर मल्टिमीटरवर तपासा: 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम, 80 ला 300 ओहमच्या आसपास.