जुना डिझेल ट्रक: पंप उतरवण्याआधी आणि पंप वाढवण्याआधी या चुका टाळा

सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. इंजिन सुरू झालं की दोन मिनिटं थरथरतं, पांढरा धूर सोडतं आणि मग दिवसभर नीट चालतं. ही तक्रार ऐकली की पहिला संशय डिझेल पंपावर जातो. पंप उतरतो, कॅलिब्रेशन होतं, नोझल बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, कारण पंपात बिघाड नव्हताच. टाकीकडून येणाऱ्या पाइपाने एअर धरली होती.

जुन्या गाड्यांवरचा सगळ्यात जास्त पैसा याच चुकीत जातो, असं माझं मत आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल मुख्य पंपाला पुरवणारा छोटा पंप) डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या भागातली कडक झालेली रबरी नळी, वापरून चपटा झालेला तांब्याचा वॉशर किंवा ढिली क्लिप डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. खाली थेंब पडत नाही, म्हणून पाइप ठीक असल्याचं वाटतं. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला हवा मिळते.

तपासायला फार काही लागत नाही. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावा आणि इंजिन चालू करून पाहा. बुडबुडे दिसले तर एकेक जोड तपासत टाकीकडे जा. त्याहून पक्की चाचणी म्हणजे फीड पंपाला थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पुरवठा देणं. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उठली, तर दोष मागच्या पाइपात आहे आणि पंपाला हात लावायची गरज नाही.

सीलचंही असंच. जास्त सल्फरच्या डिझेलवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीला 10 किंवा 15 पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग) सल्फरचं डिझेल मिळू लागलं की पंपाची जुनी नायट्राइल रबराची सील गळू शकतात. सल्फर काढताना डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात आणि त्यांच्यामुळे फुगलेलं रबर आकसतं. अशा वेळी व्हायटॉन या टिकाऊ रबराची सील टाकली की पुष्कळदा काम भागतं, अख्खा पंप बदलावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. चालू इंजिनात नोझलच्या पाइपाची गळती बोटाने चाचपू नका. तिथे शेकडो बारचा दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आतलं मांस मरू लागतं. तसं झालं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. गळती शोधायला पुठ्ठा धरा.

कमिन्सच्या 5.9 लिटर इंजिनाचे जुने मालक दोन गोष्टी ओळखून असतात. 12 व्हॉल्व्हच्या इंजिनात टायमिंग केसमधली (पुढच्या गिअरांच्या पेटीतली) डॉवेल पिन, म्हणजे जोड जागेवर बसवणारी छोटी खिळी, सरकून गिअरमध्ये पडू शकते. तिच्यासमोर एक छोटी पट्टी बोल्टने बसवली की ती अडते, म्हणून पुढचं कव्हर उघडलं असेल तर ते काम तेव्हाच करून घ्या. 1998 ते 2002 च्या 24 व्हॉल्व्हच्या गाड्यांत व्हीपी44 हा डिझेल पंप खराब होतो, तो पुष्कळदा फीड पंप कमजोर झाल्यामुळे. या पंपाला थंडावा आणि वंगण डिझेलकडूनच मिळतं. फीडचा दाब न मोजता नवा पंप बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

आता पंप वाढवण्याबद्दल. पंप वाढवणं म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल देणं. पंपावरच्या गव्हर्नरचा (डिझेलचं प्रमाण आवरणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं की गाडी हलकी वाटते, मागे काळा धूर निघतो आणि चालक खूश होतो. काळा धूर म्हणजे हवा न मिळाल्याने अर्धवट जळलेलं डिझेल. भरल्या गाडीने लांब चढ चढताना त्या जादा डिझेलची उष्णता पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बोवर येते. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये पायरोमीटर (धुराचं तापमान दाखवणारा मीटर) बसवल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. तिथलं तापमान सतत 700 अंश सेल्सिअसच्या आसपास राहत असेल तर डिझेल कमी करा. आधी मीटर, मग हवेची वाट, इंटरकूलर आणि रेडिएटर, मग क्लच, आणि सगळ्यात शेवटी डिझेल, हाच क्रम योग्य. गाडी जिथे चालते तिथले धुराचे नियमही आधी पाहा. चढानंतर इंजिन लगेच बंद न करता तीन ते पाच मिनिटं रिकामं चालू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतं.

कूलंटच्या जागी साधं पाणी घालणं स्वस्त वाटतं. वेट लायनरच्या इंजिनात, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतं अशा इंजिनात, ते महाग पडतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि बाहेरून आत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. मग ऑइलमध्ये पाणी येतं, हेड गॅस्केट बदललं जातं आणि पाणी येतच राहतं. लायनरचं संरक्षण करणारा, त्या इंजिनाला चालणारा कूलंट वापरा आणि त्यातल्या अ‍ॅडिटिव्हचं प्रमाण टेस्ट स्ट्रिपने पाहा.

चेसिसवर काही बसवताना वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, कारण वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक असतो. उभ्या भागात, कंपनीने सांगितलेल्या जागीच भोक घ्या. उष्णता-प्रक्रिया केलेल्या चेसिसवर वेल्डिंग केलं की शेजारचा पट्टा नरम पडतो आणि पुढे तडा तिथून जातो.

एअर ब्रेकमध्ये स्वयंचलित स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेक झिजला की ढिलेपणा आपोआप भरून काढणारा भाग) पुन्हापुन्हा हाताने आवळावा लागत असेल, तर त्याचा अर्थ तो काम करत नाही किंवा पिन-बुश झिजले आहेत. आवळून फक्त दोष झाकला जातो. चाकांना ठोकळे लावा, पार्किंग ब्रेक सोडा, दाब 6 ते 7 बार ठेवून ब्रेक दाबायला सांगा आणि चेंबरमधला पुशरॉड (ब्रेक ढकलणारा दांडा) किती बाहेर येतो ते मोजा. टाइप 30 आकाराच्या नेहमीच्या चेंबरला 2 इंचांपुढे गेला, तर गाडी भरू नका. आणि स्प्रिंग ब्रेकच्या (स्प्रिंगने लागणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या) चेंबरचा पट्टा उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. चेंबर बदलायचा असेल तर आधी केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट) स्प्रिंग बांधा, मगच नट सोडवा.